तीन तेलधक्के आणि एक चुनखडक

घोलवडच्या किनाऱ्यावर पुऱ्या ओहोटीला उभे राहिले, तर समुद्र शोधावा लागतो. बोर्डीपासून डहाणूपर्यंत सगळीकडे हीच तऱ्हा. पाणी मागे हटत हटत क्षितिजाजवळच्या रेघेएवढे होते आणि मधे उरते ती ओली, सपाट, काळपट वाळू. सहलीला आलेली मुले हमखास विचारतात, "समुद्र गेला कुठे?" खरे तर पाण्याची पातळी काही मीटरच उतरलेली असते. पण तळाला उतारच इतका कमी, की तेवढ्यानेही पाण्याची कड खूप दूर जाते.

हा उतार पुढे पाण्याखालीही असाच चालू राहतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच म्हणतात, तो भारताच्या किनाऱ्यालगत सर्वांत रुंद आहे तो इथेच, दमण आणि खंबातच्या आखातासमोर. येथे त्याची रुंदी तीनशे किलोमीटरहून अधिक भरते. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर समुद्रात जा, घोलवडहून निघालात तर नैर्ऋत्येला साधारण तितकेच, तरी पाण्याची खोली ७५ ते ८० मीटरच. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी अर्धा मीटर उतार. शाळेच्या मैदानावरचे पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपण जो उतार देतो, तो याच्या कितीतरी पट असतो. वर्गात हे प्रमाण फळ्यावर काढून दाखवायचा प्रयत्न केला, तर रेघ आडवीच काढावी लागेल.

या उथळ समुद्रात, त्या १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय आहे. आता त्याला मुंबई हाय म्हणतात. 'येथे खनिज तेल सापडते' एवढ्या एका वाक्यात पाठ्यपुस्तक त्याची बोळवण करते. 'हाय' म्हणजे काय हेही बहुतेक ठिकाणी सांगितलेले नसते. त्याचा अर्थ साधा आहे. खडकांच्या थरांना जमिनीखाली जो उंचवटा आलेला असतो, त्याला भूवैज्ञानिक इंग्रजीत 'हाय' म्हणतात.

पण त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत जगाला तेलाच्या किमतींचे तीन मोठे धक्के बसले: १९७३ मध्ये, १९७९ मध्ये आणि १९९० मध्ये. गरीब, तेल आयात करणाऱ्या देशांसाठी हे धक्के म्हणजे दुष्काळासारखेच होते; फरक इतकाच, की ते आकाशातून न येता बाजारातून आले. पहिल्या धक्क्यात भारत कसाबसा तरला. दुसरा धक्का पहिल्याहून कमी नव्हता, तरी त्यातून देश बऱ्यापैकी सावरला. तिसऱ्यात मात्र देशाला सोने गहाण टाकावे लागले. या तिन्ही वेळी आपला तोच चुनखडक समुद्राखाली होता. मग निकाल वेगवेगळे का लागले?

तहान लागण्यापूर्वी

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात तेल निघत होते ते फक्त आसामात. दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागले होते, त्यापलीकडे फारशी मजल गेली नव्हती. भारतात इतरत्र मोठे साठे असण्याची शक्यता कमी, असे परदेशी तेल कंपन्यांचे मत होते. त्यांना आपले तेल विकायचे होते हेही खरे, पण सगळा दोष त्यांच्या हेतूंवर टाकणे बरोबर नाही. त्या काळातल्या माहितीवरून कोणालाही ठामपणे सांगता आले नसते. ती माहिती गोळा करण्यासाठी पैसा आणि धीर लागतो, आणि व्यापारी कंपनीने तो दुसऱ्याच्या देशात का गुंतवावा?

केशव देव मालवीय या मंत्र्यांनी हा प्रश्न सरकारच्या अंगावर घेतला. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. सोव्हिएत भूवैज्ञानिक मदतीला आले, आपल्या तरुणांना शिकवू लागले. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. घोलवड स्टेशनातून उत्तरेकडे जाणारी गाडी सुरत ओलांडून ज्या अंकलेश्वरला पोचते, तेच हे गाव. आता कोणालाही पुढचा प्रश्न सुचेल. अंकलेश्वरच्या खाली जे थर आहेत ते किनाऱ्यापाशी संपतात थोडेच? ते समुद्राखाली कुठवर जातात?

हे पाहण्यासाठी १९६४ च्या सुमारास 'अकादमीशियन आर्खांगेल्स्की' नावाचे सोव्हिएत संशोधन जहाज या समुद्रात फिरले. त्याची पद्धत समजायला सोपी आहे. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, आतला तडा न बघताच कळतो. जहाजही पाण्यात मोठा दणका उडवते. त्याच्या लहरी समुद्रतळातून खाली शिरतात, खडकाचा प्रकार बदलला की त्यांचा काही भाग परत फिरतो, आणि जहाजामागे लांबवर ओढलेल्या दोरीवरचे श्रवणयंत्र तो टिपते. परत यायला लागलेल्या वेळेवरून थराची खोली काढता येते. असे हजारो दणके, हजारो नोंदी. त्यांतून हळूहळू एक आकृती उभी राहिली: समुद्रतळाखाली कासवाच्या पाठीसारखा, कित्येक किलोमीटर पसरलेला उंचवटा. पुढे विहीर खणल्यावर कळले, की त्यात सुमारे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडक आहे आणि बऱ्याच भागात त्याच्याही खाली, तळाशी, ज्या काळ्या कातळाचा आपला सह्याद्री बनला आहे तोच कातळ आहे.

उंचवटा सापडला म्हणजे तेल सापडले असे नव्हे. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून सच्छिद्र खडकातून ते वर सरकत राहते आणि वर घट्ट मातीचा झाकणासारखा थर असेल तर अशा उंचवट्याच्या माथ्यावर अडकते. पण मुळात तेल तयारच झाले नसेल, किंवा झाकणाला भेग असेल, तर माथ्यावर नुसते खारे पाणी मिळते. खात्री करायची तर छिद्र पाडावे लागते, आणि भर समुद्रात छिद्र पाडण्याचे यंत्र आपल्याकडे नव्हते. १९७० मध्ये खंबातच्या आखातात आलियाबेट येथे, किनाऱ्याच्या जवळ, पहिला प्रयत्न झाला. खोल पाण्यासाठी जपानच्या मित्सुबिशी कंपनीकडून एक जहाज बांधून घेतले, 'सागर सम्राट'. ते १९७३ मध्ये आले.

सागर सम्राट हे पायांचे जहाज आहे. त्याला पाण्यावर तरंगत ठेवून ठरल्या जागी ओढत न्यायचे, मग त्याचे उंच पोलादी पाय खाली सोडायचे. पाय तळाला टेकले की जहाजाचे धड त्या पायांवरून वर चढते आणि लाटांच्या वर, शेतातल्या माचासारखे, स्थिर उभे राहते. आता घोलवडच्या वाळूची आठवण करा. असे यंत्र चालते ते फक्त उथळ पाण्यात. समुद्र इथे भराभर खोल गेला असता, तर १९७० च्या दशकातल्या आपल्या ऐपतीच्या यंत्रांनी १६० किलोमीटरवर विहीर खणणे शक्य झाले नसते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. जहाजाने दणके उडवले ते पहिल्या धक्क्याच्या नऊ वर्षे आधी, सागर सम्राट आले तेही धक्का बसला त्याच वर्षी. तेव्हा तेल स्वस्त होते. इतक्या स्वस्त वस्तूसाठी समुद्रात पैसे बुडवायचे कशाला, असे म्हणता आले असते.

पहिला धक्का

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त, सीरिया आणि इस्राएल यांच्यात युद्ध पेटले. तेल उत्पादक अरब देशांनी इस्राएलच्या मित्रांना तेल देणे थांबवले आणि आखातातल्या देशांनी किंमत वाढवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला जाहीर भाव १ जानेवारी १९७४ ला ११.६५ डॉलर झाला. तीन महिन्यांत जवळजवळ चौपट!

त्या वर्षी भारतात सुमारे ७२ लाख टन तेल निघत होते आणि खप होता सव्वादोन कोटी टनांच्या आसपास. तेल-आयातीचा खर्च १९७२-७३ मध्ये सुमारे २०४ कोटी रुपये होता, तो १९७४-७५ मध्ये ११५७ कोटींवर गेला. आलेले तेल जवळपास तेवढेच, पैसे मात्र साडेपाच पट.

महाराष्ट्र त्याच सुमारास १९७२ च्या दुष्काळातून उठत होता. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या मागण्यांत धान्य आणि गोडेतेलाबरोबर रॉकेलही होते. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर तेव्हा वीज क्वचितच पोचलेली. अंधार पडल्यावरचा उजेड म्हणजे रॉकेलची चिमणी. अरबस्तानातल्या निर्णयाने पाड्यावरचा उजेड महाग होतो, हे अर्थशास्त्र कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याखेरीज एक कमी दिसणारी वाट होती, खताची. तेल शुद्ध करताना निघणाऱ्या नाफ्था या द्रवापासून आपले बरेच युरिया कारखाने चालत. तेल महागले, जगात खताचे भाव कित्येक पटींनी वाढले, आणि संकरित बियाणे नुकतेच स्वीकारलेल्या शेतकऱ्याला त्याची झळ लागली. १९७४-७५ मध्ये देशातल्या घाऊक किमती वर्षभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. त्याला दुष्काळही कारण होता, तेल एकटे नव्हे.

नेमक्या याच दिवसांत, फेब्रुवारी १९७४ मध्ये, सागर सम्राटच्या विहिरीला तेल लागले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बॉम्बे हायने आपल्याला पहिल्या धक्क्यातून वाचवले असे अनेकदा लिहिले जाते. तसे झालेले नाही. तेल लागणे वेगळे आणि ते शुद्धीकरण कारखान्यात पोचणे वेगळे. पहिला धक्का आपण निभावला तो आयातीला कात्री लावून, नाणेनिधीकडून उसने घेऊन, आणि पुढे आखातात कामाला गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांवर. तेलाच्या ज्या पैशाने आपले कंबरडे मोडले, त्यातलाच थोडा गवंडी, सुतार आणि परिचारिकांच्या मनिऑर्डरींनी परत आला.

तरीही कामाचा वेग पाहण्यासारखा होता. २१ मे १९७६ ला, म्हणजे सव्वादोन वर्षांत, बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले. आधी तेल टँकरमध्ये भरून आणत. मग समुद्रतळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरची नळवाहिनी टाकली, ती १९७८ मध्ये चालू झाली. तिच्यासाठी तळाची पाहणी करण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा वाटा होता. माझगाव गोदीत समुद्रातले प्लॅटफॉर्म बनू लागले. पेट्रोलियम अभियांत्रिकीतला 'प' माहीत नसलेल्या देशात वीस वर्षांत अशी माणसे तयार झाली, याला मी तेलाइतकेच महत्त्व देईन.

हे प्लॅटफॉर्म, त्यांवर रात्रंदिवस जळणारी वायूची ज्योत, यातले काहीही घोलवडच्या किनाऱ्यावरून दिसत नाही. का दिसत नाही, हे नववी-दहावीच्या मुलांना गणित म्हणून घालता येईल. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीची ज्योत, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, पाण्याच्या पातळीवरून सुमारे ३६ किलोमीटरपर्यंतच दिसू शकते.

दुसरा धक्का

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, १९८० मध्ये इराण-इराक युद्ध सुरू झाले. पिंपाचा भाव सुमारे १३ डॉलरवरून १९८१ पर्यंत ३४ डॉलरवर चढला. आपल्याकडे १९७९ मध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यात आसामातल्या आंदोलनामुळे तिकडचे तेल अडले. १९८०-८१ साली देशाची निर्यात ६७११ कोटी रुपयांची होती आणि तेल-आयात ५२६४ कोटींची. म्हणजे जगाला चहा, कापड, हिरे, चामडे विकून मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ७८ रुपये तेलात जात होते. यंत्रे, औषधे, धान्य यांच्यासाठी उरले २२.

नोव्हेंबर १९८१ मध्ये नाणेनिधीने भारताला ५ अब्ज एसडीआरचे कर्ज मंजूर केले (एसडीआर म्हणजे निधीचे हिशेबापुरते चलन). तोवरचे ते त्या संस्थेचे सर्वांत मोठे कर्ज होते. देशात टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती. अशा कर्जाबरोबर अटी येतात.

पण यावेळी समुद्रात विहीर तयार होती. बॉम्बे हायचा विकास नेटाने पुढे ढकलला गेला. देशातले एकूण तेल-उत्पादन १९८०-८१ मध्ये १०५ लाख टन होते, १९८१-८२ मध्ये १६२ लाख टन झाले आणि १९८४-८५ मध्ये २९० लाख टन. त्यातले दोनतृतीयांशाहून अधिक एकट्या बॉम्बे हायचे. देशाच्या गरजेच्या सुमारे ७० टक्के तेल देशातच निघू लागले. ते प्रमाण त्यानंतर फारसे टिकले नाही, पण त्या दोन-चार वर्षांत ते हवे होते. मे १९८४ मध्ये भारताने नाणेनिधीला कळवले, की कर्जाचा उरलेला भाग नको. ५ अब्जांपैकी ३.९ अब्जच उचलले होते.

मंजूर कर्ज सोडून देणारे गरीब देश त्या काळात विरळाच. शेजारी ठेवून पाहावे अशी दोन उदाहरणे आहेत. मेक्सिकोकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त तेल होते. पण त्या तेलाच्या भरवशावर त्याने इतके कर्ज काढले, की ऑगस्ट १९८२ मध्ये हप्ते भरता येत नाहीत असे जाहीर करण्याची वेळ आली. ब्राझीलकडे तेव्हा तेल फारसे नव्हते. त्याने १९७५ मध्ये उसापासून मद्यार्क काढून मोटारींत वापरण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्यासाठी इंजिनांत बदल केले. तरी कर्जाच्या गाळात तोही रुतला. तेव्हा जमिनीखाली काय आहे किंवा प्रयोगशाळेत काय जमते, एवढ्यावर भागत नाही. भारताने त्या वेळी बाहेरून मर्यादित कर्ज काढले होते, पाऊसपाणी सुधारले होते, आखातातून पैसा येत होता. या सगळ्यांबरोबर बॉम्बे हाय होते.

तेलाबरोबर वायूही निघत होता. सुरुवातीला त्याचा बराचसा भाग समुद्रातच जाळून टाकावा लागे, कारण तो आणायला वाहिन्या नव्हत्या आणि आणला तरी वापरायला कारखाने नव्हते. हळूहळू ते झाले. अलिबागजवळ थळ येथे या वायूवर चालणारा मोठा खत कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला. नाफ्थाऐवजी वायू, म्हणजे १९७४ मध्ये खताच्या वाटेने आलेली झळ निदान काही अंशी बंद झाली. शहरांतल्या स्वयंपाकघरांत स्टोव्हच्या जागी गॅसची शेगडी आली, तिच्यामागेही उरणचा कारखाना आहे.

खडकाची बाजू

किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाडीतली विहीर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे लगेच समजेल. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. बेताने उपसले तर विहीर वर्षानुवर्षे गोडी राहते. भाव चांगला आहे, झाडे जास्त आहेत, म्हणून मोठा पंप लावून तळ गाठला की खालचे खारे पाणी विहिरीकडे ओढले जाते. मग पंप बंद केला तरी गोडे पाणी लगेच परत येत नाही.

चुनखडकातल्या तेलाचेही असेच आहे, फक्त तिथे दोन शत्रू आहेत. तेलाच्या खाली खारे पाणी आणि वर वायू. शिवाय तेलात वायू विरघळलेला असतो. गोटीसोड्याची बाटली फोडली की फेस का येतो? दाब कमी होतो, विरघळलेला वायू सुटतो. खडकातला दाब भराभर उतरला की तसेच होते. सुटलेला वायू तेलापेक्षा पातळ, तो छिद्रांतून पुढे धावत विहिरीत येतो आणि जडसर तेल मागे खडकातच अडकून राहते. म्हणून दाब टिकवण्यासाठी दुसऱ्या विहिरींतून खडकात पाणी भरावे लागते, आणि प्रत्येक विहिरीतून रोज किती काढायचे याची मर्यादा पाळावी लागते. चुनखडक तर फारच लहरी. कुठे भोके मोठी, कुठे बारीक, कुठे भेगा. एका कोरड्या खडूवर आणि एका विटेच्या तुकड्यावर शाईचे थेंब टाकून पाहा. शाई कशी वेगवेगळी पसरते ते मुलांना चटकन दिसेल. एवढे सांभाळूनही बॉम्बे हायसारख्या साठ्यातले एकूण तेल पाहता, त्याच्या सुमारे तीनदशांशच वर येते.

तेलसाठ्यांच्या अभ्यासासाठी अहमदाबादला १९७८ मध्ये स्वतंत्र संस्थाही उभी राहिली होती. अज्ञान हे कारण नव्हते. पण बॉम्बे हायमध्ये पाणी भरण्याचे काम तेल काढायला लागल्यावर काही वर्षांनी सुरू झाले, आणि दर वर्षाच्या उद्दिष्टांचा आकडा मात्र वाढत गेला. देशातला खप १९८०-८१ मध्ये सुमारे ३१० लाख टन होता, तो १९९०-९१ पर्यंत ५५० लाख टन झाला. ही भूक भागवायला हाताशी एकच मोठी विहीर होती. १९८९-९० मध्ये देशाचे उत्पादन ३४१ लाख टनांवर पोचले. वर्तमानपत्रांना तो विक्रम वाटला. साठ्याच्या दृष्टीने ती उधळपट्टी होती. काही विहिरींतून तेलाबरोबर अतोनात वायू येऊ लागला होता, आणि शेवटी खडक वाचवण्यासाठी अशा विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. १९९०-९१ मध्ये ३३० लाख टन, १९९१-९२ मध्ये ३०३, १९९२-९३ मध्ये २७०. १९८०-८१ पासूनच्या या आकड्यांचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. चढण आणि उतार दोन्ही नजरेत भरतात. त्याच कागदावर खपाची रेघ काढली की दोन रेघांमधली जागा म्हणजेच आयात.

तिसरा धक्का आला तो नेमका या उताराच्या तोंडाशी. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळले. तेलाचा भाव ऑक्टोबरपर्यंत पिंपामागे ४० डॉलरच्या वर गेला, दुपटीहून अधिक. आखातातले लाखांहून अधिक भारतीय घरी परतले, त्यांची मनिऑर्डर थांबली. १९९१ च्या मध्याला परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात २० टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर परदेशात विकले, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून डॉलर आणले.

त्या संकटाचे खापर सगळे तेलावर फोडता येणार नाही. १९८० च्या दशकात सरकारने अंथरूण न पाहता पाय पसरले, अल्पमुदतीची परदेशी कर्जे घेतली. तेल हे निमित्त अधिक आणि मूळ कारण कमी. पण १९८१ मध्ये निमित्त तेच होते. तेव्हा पुढच्या चार वर्षांत उत्पादन जवळजवळ तिप्पट करण्याची ताकद खडकात शिल्लक होती. १९९० मध्ये ती आपण आधीच, शांततेच्या आणि स्वस्ताईच्या वर्षांत, वापरून बसलो होतो. १९८६ मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले होते. ते स्वस्त तेल बाहेरून घेऊन आपल्या खडकाला विसावा देता आला असता, असे मला वाटते. इतिहासात 'असते तर'ला फारसा अर्थ नसतो हे कबूल, पण भूगर्भशास्त्रात असतो.

त्यानंतर

पुढे विहिरी आडव्या खणण्याचे तंत्र आले. खडकाच्या पातळ थरातून विहीर लांबवर आडवी नेली, की एका जागी जोराने ओढावे लागत नाही. २००० च्या सुमारास मुंबई हायच्या पुनर्विकासाचे मोठे काम सुरू झाले आणि घसरण बरीच रोखली गेली. समुद्राच्या याच पट्ट्यात, दमण आणि तापी क्षेत्रांतून, वायूही निघू लागला. पण देशाचा खप थांबला नाही. आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने भाव पुन्हा भडकले, तेव्हा आधार होता तो परकीय चलनाच्या मोठ्या गंगाजळीचा आणि सवलतीत मिळालेल्या रशियन तेलाचा. मुंबई हायचा नव्हे.

या तेलाची किंमत नुसत्या रुपयांत मोजू नये. ३० जुलै १९८२ ला 'सागर विकास' या खोदजहाजावर विहीर उसळून आग लागली. २७ जुलै २००५ ला एक जहाज मुंबई हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मवर आदळले आणि २२ माणसे गेली. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली होती, त्यामुळे ही बातमी बऱ्याच जणांच्या लक्षातही राहिली नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे मेली. त्याच वादळात भरकटलेला दुसरा तराफा पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्याला येऊन रुतला, त्यावरच्या १३७ जणांना वाचवता आले. प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरांत मासेमारीला बंदी असते, आणि लहरींच्या पाहणीची जहाजे आली की जाळी उचलायला लागतात. डहाणूपासून सातपाटीपर्यंतच्या मच्छीमारांची ही तक्रार जुनी आहे. मोजणीच्या जहाजांनी नुकसानभरपाईचा हिशेबही मोजणीइतक्याच बारकाईने ठेवायला हवा होता.

जानेवारी २०२५ मध्ये, साठ्यातून अधिक तेल कसे काढता येईल याच्या सल्ल्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड झाली. एकेकाळी परदेशी कंपन्यांच्या मताला न जुमानता सापडलेला हा खडक. आता त्याच्या म्हातारपणी सल्ला परदेशी कंपनीचा आहे, यात कोणाला कमीपणा वाटेल. मला वाटत नाही. म्हाताऱ्या साठ्यांचा अनुभव ज्याच्याकडे असेल त्याला विचारावे.

आणि सागर सम्राट? १९७४ मध्ये तेल शोधणारे ते पायांचे जहाज मोडीत निघाले नाही. त्याचे रूपांतर तेल उपसणाऱ्या फिरत्या प्लॅटफॉर्ममध्ये केले गेले आणि डिसेंबर २०२२ पासून ते मुंबईच्या पश्चिमेला, त्याच उथळ समुद्रात, एका लहानशा तेलक्षेत्रावर पुन्हा उभे केले आहे.